हरकत असल्यास दोन आठवड्यांत

पनायोत कोलारोवला खोली बांधायची होती आणि त्यासाठी दोन शेजाऱ्यांना कळवायचे होते. यांतले पहिले काम त्याला जमण्यासारखे होते.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" नगरपालिकेच्या खिडकीमागून तोनेवाबाईंनी विचारले. "खोली कुंपणाच्या भिंतीला चिकटून येतेय, म्हणून शेजाऱ्यांना कळवायचं. कागद हातात द्यायचा, सही घ्यायची. दोन आठवड्यांत कोणाची हरकत आली नाही की परवानगी तुमची."

"आणि शेजारी घरी नसले तर?"

"तर फाटकावर चिकटवायचा. त्यांच्या, तुमच्या, शिवाय चौकातल्या फलकावर."

"नसतात ते घरी," पनायोत घाईघाईने म्हणाला. "दोघंही. कधीच नसतात."

तोनेवाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "दोब्रीकाका घरी नसतात? गुडघा गेल्यापासून तो माणूस चौकापर्यंत आलेला नाही."

"आत असतो. पण असून नसल्यासारखा."

पनायोत पोस्टमन होता. आयुष्यभर त्याने गावाला पत्रे वाटली, पण एकाही घराची घंटा वाजवली नाही. तारसुद्धा तो दाराच्या फटीतून आत सारायचा आणि आतल्या माणसाने उघडून वाचायच्या आत कोपऱ्यावरून वळलेला असायचा. गावाला वाटे, हा फार चपळ. खरे म्हणजे त्याला दार उघडल्यावर काय बोलायचे ते सुचत नसे.

पण खोली तर हवीच होती. त्याची बायको रुसांका अंगणातल्या दगडी जिन्यावरून पडली होती आणि खुबा मोडून डोंगरापलीकडच्या आरोग्यधामात पडून होती. घर सगळे वरच्या मजल्यावर, खाली नुसते पिंपांचे तळघर. डॉक्टर म्हणाले होते, जिना आता विसरा. त्यांनी वृद्धाश्रमात एक खाट बोलूनही ठेवली होती. थंडीच्या आत अंगणात खोली उभी राहिली, तर ती खाट सोडायची होती. नाही तर रुसांका तिथे जाणार होती, आणि तिथे गेलेले कोणी परत आल्याचे गावाला आठवत नव्हते.

जागा एकच होती, दोब्रीच्या भिंतीला लागून. एका बाजूला तळघर, एका बाजूला दरड, पुढे दार, म्हणून खिडकीही एकच, दोब्रीच्या अंगणाकडे. आणि दोब्रीशी बोलणे बंद होते. कैक वर्षांपूर्वी भिंतीवरून पलीकडे गेलेला कोलारोवांचा द्राक्षवेल त्याने ऐन वसंतात, न विचारता, मुळाजवळ छाटला. वेल दोन आठवडे पाणी गाळत होता. तेव्हा रुसांका भिंतीशी उभी राहून म्हणाली, "असे हात असलेल्या माणसाच्या घरात पोरं टिकत नाहीत." त्याच वर्षी दोब्रीचा एकुलता मुलगा कामेन स्पेनला गेला, तो तिकडचाच झाला. तेव्हापासून दोन्ही घरांमध्ये फक्त मांजर ये-जा करत असे.

कागद छापायचे यंत्र गावात एकच होते, गाल्या नावाच्या पोरीच्या दुकानात. दुकान शवपेट्यांचे होते. पण बाकीची दुकाने बंद पडली तरी ते चालू होते, त्यामुळे शाळेच्या परीक्षेपासून गाय विकण्यापर्यंत सगळे तिथेच छापले जाई. गाल्याने पनायोतचा हाताने लिहिलेला मजकूर समोर ठेवला आणि भराभर टंकायला सुरुवात केली.

"फोटो?" तिने न बघता विचारले.

नगरपालिकेचे काम म्हणजे कुठेतरी फोटो लागणारच, म्हणून त्याने एक खिशात ठेवला होता. त्याने तो दिला. कागद बाहेर आला. वर डाव्या कोपऱ्यात क्रूस, मध्ये फोटो, खाली ठळक अक्षरांत पनायोत पेत्रोव कोलारोव, मग बारीक अक्षरांत सर्व्हे क्रमांक, खोलीची लांबी-रुंदी, हरकत असल्यास दोन आठवड्यांत नगरपालिकेस कळवावे, आणि सगळ्याभोवती बोटभर जाडीची काळी चौकट.

"ही चौकट..." पनायोत म्हणाला.

"साच्यातलीच आहे, काका. क्रूस पण."

"आणि खाली हे, 'शोकाकुल कुटुंबीय'?"

"ती ओळ निघतच नाही हो. मी किती वेळा काढायला गेले, तर अख्खं पान जातं."

पनायोत आणखी काही बोलणार होता. एवढ्यात त्याच्या मागे उभी असलेली बाई नाक पुसू लागली. तिचा नवरा सकाळीच गेला होता. ज्या बाईचा नवरा सकाळी गेला, तिच्यासमोर चौकटीवरून हुज्जत घालायची कशी? त्याने कागद गुंडाळले, टोपी काढून बाईसमोर मान लववली आणि बाहेर पडला.

दुपारी गाव जेवायला बसल्यावर त्याने ते चिकटवले. दोब्रीच्या फाटकावर खळ लावताना आतून चमचा ताटावर वाजत होता आणि राजधानी सोफियाचा रेडिओ हवामान सांगत होता. पनायोत श्वास रोखून होता. मग चौकात एक, मिंकाबाईंच्या फाटकावर एक, स्वतःच्या फाटकावर एक. कुलूप लावून त्याने डोंगरापलीकडची बस पकडली. रुसांकाचे कागद डॉक्टरांना दाखवायचे होते, त्याला दोन दिवस तरी जाणार होते.

आमच्याकडे फाटकावरचा काळ्या चौकटीचा कागद कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. मेल्यावर एक लागतो, चाळिसाव्या दिवशी एक, सहा महिन्यांनी एक, मग वर्षाला एक. भिंतीभिंतीवर आपलीच माणसे आपल्याकडे बघत असतात. चालता चालता चेहरा बघायचा, नाव बघायचे, छातीवर क्रूस करायचा, पुढे जायचे. आणि पनायोतच्या घराला तर कुलूप होते.

"बायकोला भेटायला गेला आणि तिथेच गेला, उद्यापरवा आणतील," मिंकाबाईंनी दुकानात सांगितले. त्या कोलारोवांच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारीण. त्यांना सगळे सर्वांच्या आधी कळे, फक्त जरा चुकीचे.

तिसऱ्या दिवशी पनायोत बसमधून उतरून गल्लीत वळला, तर त्याच्या अंगणात माणसेच माणसे. मिंकाबाईंकडे कुंपणाच्या दाराची जास्तीची किल्ली असे. बाके मांडली होती. सगळे काळ्या कपड्यांत, सगळ्यांचे चेहरे गंभीर.

'अख्खं गाव हरकत घ्यायला आलंय,' त्याला वाटले.

तो मागच्या दरडीवरून उतरला आणि तळघरात शिरून पिंपामागे बसला. अर्धे तळघर अंगणाखाली होते; डोक्यावरच्या फळ्यांच्या फटीतून पाय दिसत होते, आवाज येत होते. कोणीतरी रिवाजाप्रमाणे राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पहिला घोट जमिनीवर ओतला आणि तो फटीतून पनायोतच्या टोपीवर पडला.

"कधी कोणाला उलट बोलला नाही," एक आवाज म्हणाला.

"सुलटही बोलला नाही," दुसरा म्हणाला. "पण माणूस चांगला."

मिंकाबाई साखर-अक्रोड घातलेला उकडलेला गहू वाट्यांतून वाढत होत्या. मग एक पाय ओढत चालणारी पावले आली, आणि बाकीच्या पायांनी वाट दिली. पनायोतने तो आवाज इतक्या वर्षांनी ऐकला, तरी लगेच ओळखला.

"मी वेल कापला," दोब्री म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "त्याच्या बायकोनं मला नको ते ऐकवलं. ठीक आहे, तो तिच्या तोंडाचा पट्टा. हा कधी काही बोलला नाही. कामेनची पत्रं यायची तेव्हा हाच आणून टाकायचा, भिजू नयेत म्हणून दगडाखाली ठेवायचा. एकदा हाक मारून 'ये रे आत' म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? माझ्या भिंतीला चिकटून त्यानं दहा खोल्या बांधल्या असत्या ना, तरी मी ब्र काढला नसता. देव त्याला क्षमा करो. मी तर केली."

पनायोतचे डोळे भरून आले. त्याला वाटले, आता नाही तर कधीच नाही. खिशात सहीची प्रत होती, पेन होते. तो तळघराचे दार ढकलून उजेडात आला.

"थँक यू, दोब्री," तो म्हणाला. "इथे सही करायची."

मिंकाबाईंच्या हातून गव्हाचे पातेले पडले. पाद्रीबाबांनी क्रूस पुढे धरला. मग बराच वेळ कोणाला काय म्हणायचे ते कळेना, आणि सगळे पनायोतसारखे झाले.

"म्हणजे... तुम्ही मेला नाहीत?" शेवटी मिंकाबाई म्हणाल्या. आवाजात जरा तक्रार होती.

"नाही. मी कळवलं होतं की. फाटकावर आहे."

कोणीतरी फाटकावरचा कागद काढून आणला. दोब्रीने चष्मा लावला आणि तो पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"खोली? माझ्या भिंतीला? आणि खिडकी माझ्या अंगणात?"

"पण दोब्रीकाका, तुम्ही आत्ताच म्हणालात ना, दहा खोल्या..." मिंकाबाई म्हणाल्या.

"मेलेल्याला म्हणालो! जिवंत माणसाला दहा खोल्या कोण देतं?" दोब्रीने कागद हवेत नाचवला. "कालपासून पावसात उभा राहून मी स्मशानात खड्डा खणलाय याच्यासाठी! या गुडघ्यानं! दुसऱ्या कोणाला फावडं लावू दिलं नाही मी!"

खड्ड्याचे नाव निघताच सगळ्यांनी पाद्रीबाबांकडे पाहिले.

"उघडा खड्डा राहता कामा नये," पाद्रीबाबा म्हणाले. "उघडा खड्डा माणसाला हाक मारतो."

"मग बुजवायला काय टाकायचं? रिकामा कसा बुजवणार?" मिंकाबाई म्हणाल्या. "माझी आजी असती तर म्हणाली असती, कोंबडा पुरा."

"कोंबडा याचा," दोब्रीने पनायोतकडे बोट दाखवले. "मढं याचं, कोंबडा याचा."

"माझ्याकडे कोंबडा नाहीये," पनायोत पुटपुटला.

"मग राहू दे तसाच. मी खणला, मी बुजवणार नाही. लागेल कोणालातरी."

दुसऱ्या दिवशी दोब्री चौकापर्यंत आला, इतक्या महिन्यांत प्रथमच, आणि नगरपालिकेत हरकत देऊन गेला. तोनेवाबाईंनी सांगितले की हरकत खोलीला नव्हती, खिडकीला होती. शेजाऱ्याची भिंत चालेल, शेजाऱ्याचे डोळे नकोत, असे त्याने लिहिले होते. ते लिहिताना तो सारखा खोकत होता.

पनायोतने रुसांकाला जाऊन सांगितले. तिला आधीच अर्धे कळले होते, कारण आरोग्यधामात तिच्या नावाने एक पुष्पचक्र येऊन पडले होते. परत कुठे पाठवायचे ते कोणाला माहीत नसल्याने ते तिच्या खाटेच्या पायाशीच टांगले होते.

"विधवा म्हणून मला इथे दोन उशा मिळाल्या," ती म्हणाली. "त्या आता काढून घेतील. खिडकीचं काय?"

"खिडकी नको म्हणतोय."

"बिनखिडकीची खोली? मग वृद्धाश्रम काय वाईट? तिथे निदान रस्ता दिसतो." तिने दुसरी उशी मानेखाली ओढली. "माझे डोळे नकोत त्याला. बरोबरच आहे त्याचं. मी तेव्हा जे बोलले ना पनायोत, ते त्याच्या घराकडे बघूनच बोलले होते."

थंडी पडायला लागली. पनायोत भिंतीशी जाई, खोकला ऐके, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडी आणि परत येई. एकदा त्याने सुपाचे भांडे भिंतीवर ठेवले, पावसाने भरू नये म्हणून वर दगड ठेवला. संध्याकाळी भांडे रिकामे होते. ते दोब्रीने खाल्ले की मांजराने, हे त्याला विचारता आले नाही. मग एके सकाळी खोकला ऐकू आला नाही, आणि रेडिओ दुपारपर्यंत एकटाच बोलत राहिला. पनायोत त्या दिवशी भिंत चढून पलीकडे गेला. घंटा वाजवायची गरज उरली नव्हती.

स्पेनहून कामेन आला. गाल्याने कागद छापले, फाटकांवर, खांबांवर, चौकात लागले. दोब्री स्तोयानोव चाकारोव, फोटो, काळी चौकट.

"बघितलंत? आता दोब्रीपण काढतोय," चहाच्या टपरीवर लोक म्हणाले. "सूड हो सूड. तोही खोलीच बांधत असणार."

"किंवा कुंपण उंच करत असेल."

"वाचा तरी खाली काय आहे ते."

"कोण वाचतंय? मागच्या वेळेला माझा एक काळा सूट आणि फुलांची जुडी वाया गेली."

त्यामुळे दुपारी टेकडीवरच्या स्मशानात पाच माणसे होती: पाद्रीबाबा, गाडीचा ड्रायव्हर, कामेन, पनायोत आणि पेटीतला दोब्री. पाद्रीबाबांचा हात धूपदानात अडकलेला. पेटी उचलायला चौघे लागतात. गाडीच्या दारापासून खड्ड्यापर्यंत चढाची, चिखलाची वाट होती. खड्डा तयार होता, तेवढी एक गोष्ट व्यवस्थित होती.

"कोणीच नाही?" कामेनने रिकाम्या वाटेकडे पाहिले. त्याच्या अंगात पातळ, तिकडचे जाकीट होते. "बाबांनी असं काय केलं होतं हो काका, की गावातलं एक माणूस नाही?"

पनायोत टोपी घालून टेकडी उतरला.

पहिले घर मिंकाबाईंचे. त्याने घंटेवर बोट ठेवले आणि ते तसेच ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच वाजवत होता, त्यामुळे कधी उचलायचे ते त्याला माहीत नव्हते.

"आले, आले, घर जळतंय की काय!" मिंकाबाई दार उघडून उभ्या राहिल्या. "पनायोतकाका? तुम्ही घंटा वाजवलीत?"

"दोब्री गेला."

"कुठे?"

"मेला."

"हो, हो, वाचलं मी. किती बाय कितीची आहे?"

"पेटीएवढी," पनायोत म्हणाला.

मिंकाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग आत जाऊन काळा रुमाल शोधू लागल्या. तो पुढच्या घराकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. कोणी हसले, कोणी म्हणाले, "काका, तुम्हीपण गेला होतात, आलात की परत." शेवटी तो टपरीवर पोचला. तिथे सोंगट्यांचा डाव रंगला होता आणि फासे टाकणाऱ्याने मान वर न करता विचारले, "काय काका, आता गच्ची का?"

पनायोतने पट उलटा केला. सोंगट्या जमिनीवर घरंगळल्या. सगळी टपरी त्याच्याकडे बघू लागली, कारण या माणसाने कधी खुर्चीसुद्धा आवाज करून सरकवली नव्हती.

"मी मेलो तेव्हा सगळे आला होतात," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "माझ्या अंगणात बसून गहू खाल्लात. राकिया प्यायलात, माझ्या टोपीवर सांडलीत. मी चांगला माणूस म्हणालात. मला त्यातलं काहीच लागलं नाही. ते सगळं तुमच्याकडे शिल्लक आहे. चला, आणि ते दोब्रीला द्या. वर त्याचा पोरगा एकटा उभा आहे, आणि आम्हाला उचलायला चौथा माणूस नाही."

सगळ्यात आधी फासे टाकणारा उठला. त्याने काळा सूट घातला नव्हता, पण खांदा रुंद होता.

मग माणसे टेकडी चढत राहिली, कोणी स्वयंपाकाच्या कपड्यांत, कोणी हातात सापडतील ती फुले घेऊन, मेलेल्याला सम संख्येने लागतात म्हणून जोडीने मोजून. दोब्रीला त्याने स्वतः खणलेल्या खड्ड्यात उतरवले. खड्डा त्याला थोडा लांब झाला. पनायोत त्याच्यापेक्षा उंच होता, आणि माप पनायोतचे होते.

माती ओढून झाल्यावर कामेन जवळ आला.

"नगरपालिकेतल्या बाई म्हणाल्या, बाबांची हरकत आता माझ्या नावावर आलीय."

"आज नको," पनायोत म्हणाला. "आज राहू दे."

"मी उद्या जाणार. खिडकी ठेवा, काका. तिकडे बघायला आता कोण आहे?" कामेनने जाकिटाची चेन वर ओढली. "काकू मागे काय म्हणाल्या होत्या ते बाबांनी मला फोनवर सांगितलं होतं. दर वेळी सांगायचे. काकूंना सांगा, मी त्यांच्या बोलण्यानं गेलो नव्हतो. इथे काम नव्हतं." त्याने हाताची माती झटकली. "चाळिसाव्याला मला यायला नाही जमणार. तेवढे कागद चिकटवाल?"

पनायोतने मान डोलावली.

खोली बर्फाच्या आधी उभी राहिली. प्लॅस्टर ओलेच होते, तरी रुसांका आली. तिची खाट खिडकीशी लावली. खाली कुंपणाची भिंत, पलीकडे दोब्रीचे अंगण, बंद दार आणि दाराशी बसलेले मांजर. ती दिवसभर तिकडे बघत असे. पनायोतने पडदा लावू का म्हणून विचारले, तर नको म्हणाली.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी तो गाल्याच्या दुकानात गेला. गाल्याने दोब्रीचे पान उघडले आणि खुशीत वर पाहिले.

"काका, तुमच्या त्या भानगडीनंतर मी शहरातून शिकून आले. आता चौकट काढता येते, क्रूस काढता येतो, खालची ती ओळ पण निघते. कामेनदादा तर इथे नाही, मग कुटुंबीय कोण? काढून टाकू ना 'शोकाकुल कुटुंबीय'?"

पनायोतच्या मागे कोणी उभे नव्हते. दुकानात ती दोघेच होती, आणि या वेळी बोलायला काहीच आडकाठी नव्हती.

"राहू दे," तो म्हणाला.